खर्जाला खोका का लागतो?

उसाचा हंगाम सुरू झाला की सातारा-सांगलीकडच्या रस्त्यांवर गाणी वाजवीत जाणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. ट्रॉल्या अजून वळणापलीकडे असतात, गाण्याचे शब्द कळत नाहीत, पण त्यातली ‘धम धम’ आपल्यापर्यंत आधीच पोचलेली असते. हाच खर्ज आपल्या गाडीत हवा म्हणून कित्येक तरुण डिकीत मोठा सबवूफर बसवून घेतात. आता एक कोडे पाहा. गाडीच्या काचा थरथरवणारा वूफर खोक्यासकट उचलून उघड्या ट्रॅक्टरवर ठेवला, तर त्याचा खर्ज एकदम पातळ होतो. वूफर तोच, खोका तोच, गाणेही तेच. मग खर्ज गेला कुठे?

उत्तर शोधण्याआधी खर्ज निर्माण करणे मुळातच अवघड का आहे, ते पाहू. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर असतो. म्हणून 1000 हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी 34 सेंमी, तर 40 हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी साडेआठ मीटर भरते. वूफरचा शंकू मात्र जेमतेम 30 सेंमी व्यासाचा! हवेत उठणारा दाब शंकूच्या त्वरणावर अवलंबून असतो. त्यामुळे तेवढाच दाब राखायचा, तर कंपनसंख्या निम्मी होताच शंकूला चौपट अंतर हलावे लागते. 160 हर्ट्झला अर्धा मिलिमीटर हलणाऱ्या शंकूला 40 हर्ट्झला 8 मिलिमीटर हलावे लागेल. त्यातून आपला कानही खर्जाला मंद. 1000 हर्ट्झचा जो स्वर कसाबसा ऐकू येतो, त्याच्यापेक्षा सुमारे 50 डेसिबेल जोरदार असल्याशिवाय 40 हर्ट्झचा स्वर ऐकूच येत नाही. म्हणून वूफरच्या पाकिटावर ठळक छापलेले वॅट पाहून हुरळून जाऊ नये. शंकू केवढा आहे आणि तो किती मिलिमीटर पुढेमागे हलू शकतो, हे आधी विचारावे.

दुसरी अडचण अधिक मजेदार आहे आणि ती तुम्हाला घरी अनुभवता येईल. सेलवर चालणाऱ्या जुन्या रेडिओतला ध्वनिवर्धक, तारा न तोडता, बाहेर काढून हातात धरा. आवाज किरकिरा, पोकळ येतो. आता एका मोठ्या जाड पुठ्ठ्याला शंकूच्या मापाचे भोक पाडून तो ध्वनिवर्धक भोकावर घट्ट दाबा. आवाज लगेच भरदार होतो. असे का? शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खर्जाची लाट लांब असल्याने मागची लाट कडेला वळसा घालून पुढे येते आणि दोघी एकमेकींना खोडून काढतात. पुठ्ठा ही वाट लांब करतो. खोका ती बंदच करतो.

ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्ये बनत आली आहेत, आणि 2024 साली तिथल्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची तार स्वतः इतकी बारीक की ती हवेला ढकलूच शकत नाही. ती घोडीमार्फत तबली हलवते, आणि तबलीच्या मागची लाट भोपळ्यात कोंडली जाते. गिटारच्या तोंडावर मात्र गोल भोक असते. त्यातून पोटातली हवा आत-बाहेर हलते व स्वतःचा आवाज मिळवते. वूफरचे दोन प्रमुख खोके याच दोन घराण्यांतले आहेत.

बंद खोका हा तंबोऱ्याच्या घराण्यातला. 1954 साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंग म्हणून उपयोग करून लहान आकाराचा, पण खोल खर्ज देणारा ध्वनिवर्धक बनवला. बॉइलचा नियम आठवा. खोका जितका लहान, तितकी आतली हवा ताठर आणि वूफरची नैसर्गिक कंपनसंख्या तितकी वर जाते. समजा, वूफरची स्वतःची कंपनसंख्या 30 हर्ट्झ आहे आणि त्याच्या कडेच्या लवचीकपणाइतकी लवचीक हवा 60 लिटर भरते. (हे आकडे चांगल्या वूफरसोबतच्या माहितीपत्रकात दिलेले असतात.) 60 भागिले खोक्याचे लिटर, त्यात 1 मिळवा, वर्गमूळ काढा आणि 30 ने गुणा. 60 लिटरच्या खोक्यात उत्तर 42 हर्ट्झ येते, 20 लिटरच्या खोक्यात थेट 60 हर्ट्झ. फार लहान खोक्यात वूफर कोंबला की एकच स्वर घुमत राहतो, आणि लोक त्यालाच खर्ज समजतात.

नळीचा खोका गिटारच्या घराण्यातला. बेल प्रयोगशाळेतील थुरास यांना त्याचे पेटंट 1932 साली मिळाले. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ‘बूऽऽ’ असा आवाज येतो ना, तेच तत्त्व. नळीतली हवा म्हणजे वजन, खोक्यातली हवा म्हणजे स्प्रिंग. शेतीच्या पाइपलाइनला वापरतात तो 110 मिमीचा पीव्हीसी पाइप घ्या. आतला व्यास सुमारे 10 सेंमी धरला, तर 50 लिटरच्या खोक्याला 35 हर्ट्झवर आणायला सुमारे 30 सेंमी लांबीचा तुकडा लागतो. वूफर व पाइप यांनी व्यापलेली जागा 50 लिटरांत धरायची नाही. तेवढ्याच वॅटमध्ये या खोक्यातून 35 हर्ट्झच्या आसपास अधिक आवाज मिळतो. पण त्याखालच्या स्वरांना शंकूला हवेचा आधार उरत नाही, तो भलताच हेलकावतो आणि फाटूही शकतो. शिवाय खालच्या बाजूला आवाज फार वेगाने घसरतो. कंपनसंख्या निम्मी झाली की बंद खोक्यात 12 डेसिबेल, नळीच्या खोक्यात 24 डेसिबेल. ऑस्ट्रेलियात थील यांनी 1961 साली आणि त्यांच्यामागून स्मॉल यांनी हे सारे गणितात बांधले. तेव्हापासून खोका अंदाजाने ठोकण्याचे कारण उरलेले नाही.

आता कोडे सुटते. काचा लावलेली गाडी हा दुसरा खोका आहे, आणि ऐकणारे त्या खोक्याच्या आत बसलेले आहेत! गाडीची आतली लांबी अडीच मीटर धरा. ज्या स्वराची निम्मी तरंगलांबी एवढी, तो 68 हर्ट्झचा. त्याखाली लाट गाडीत मावतच नाही, सगळी हवा एकदम दाबली नि सोडली जाते. कंपनसंख्या निम्मी झाली की हा दाब, गळती नसेल तर, 12 डेसिबेलने चढतो. म्हणजे बंद खोका जितके घालवतो, जवळजवळ तितके गाडी परत देते. फटी आणि पातळ पत्रा यांमुळे प्रत्यक्षात लाभ कमी होतो, एवढेच. उघड्या ट्रॅक्टरला हा दुसरा खोकाच नाही. तिथे नुसता आवाज वाढवून खर्ज आणायचा म्हणजे दर 10 डेसिबेलला दहापट वॅट, आणि ते बॅटरीतून ओढायचे!

माझ्या मते लहान गाडीला 25 ते 30 सेंमीचा एकच वूफर आणि गणिताने काढलेला बंद खोका पुरेसा आहे. 18 मिमी प्लायवुड, सांधे हवाबंद. खर्जाची दिशा कानाला कळत नसल्याने तो डिकीत असला तरी बिघडत नाही. फक्त स्टेपनी काढता येईल असा ठेवा. पंक्चर झाल्यावर हे आठवून उपयोग नाही.

ट्रॅक्टरवर मात्र आणखी एक गोष्ट घडते. जोरदार खर्ज आपल्याहून उंच स्वरांना कानात झाकून टाकतो; उंच स्वर खर्जाला तितके झाकू शकत नाहीत. एस.टी.चा हॉर्न खर्जाहून उंच असतो, त्यामुळे मागची गाडी हॉर्न देत राहते आणि चालकाला तो ऐकू येत नाही. आणि कानाची मर्यादा? 85 डेसिबेलचा आवाज दिवसाला 8 तास चालतो असे मानतात, आणि दर 3 डेसिबेलला ही वेळ निम्मी होते. 100 डेसिबेलला ती 15 मिनिटे उरते. सातारा ते सांगली मोटारीने दोन तासांहून अधिक लागतात. तेवढ्या वेळेसाठी किती डेसिबेल चालतील, ते याच हिशेबाने काढून पाहा.