आजीच्या मांडीवरचे चित्रपुस्तक

चार वर्षांचा नातू आणि सत्तरीकडे झुकलेली आजी. आले होते खोकल्यासाठी. घसा पाहावा म्हणून ‘आ’ कर म्हटले, तर मुलाने ओठ घट्ट मिटून घेतले. “उघड तोंड, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील,” आजी म्हणाल्या. असली धमकी पूर्वी मीही कित्येक मुलांना दिली आहे, हे येथे कबूल केलेले बरे. मोठ्या मिनतवारीने तोंड उघडले, तेव्हा वरचे पुढचे चारही दात तपकिरी पडून झिजलेले दिसले. रात्री दुधाची बाटली तोंडात धरूनच तो झोपत असे आणि ब्रश दिसला की पळून जात असे. “दुधाचेच दात ते, पडायचेच आहेत की!” आजींचे उत्तर तयार होते.

हा समज घरोघरी आढळतो. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात, हे खरे. दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि मागून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा राखतात. झोपेत लाळ कमी पाझरते. त्यामुळे बाटलीतील दूध, त्यातही साखर घातलेले, दातांभोवती साचून राहते. कीड आतपर्यंत पोहोचली की मूल नीट चावत नाही आणि रात्री झोपतही नाही. दंतवैद्यांकडे पाठवणे आवश्यकच होते, तसे पाठवले. पण ब्रशची धास्ती घरातच जायला हवी होती.

माझ्या दवाखान्यात बाकाशेजारी चित्रपुस्तकांचे एक खोके असते. कल्पना माझी नव्हे. अमेरिकेत बोस्टनच्या एका रुग्णालयात १९८९ साली बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला आलेल्या मुलांना पुस्तके देण्याचा ‘रीच आउट अँड रीड’ हा उपक्रम सुरू केला आणि पुढे तो त्या देशात सर्वदूर पसरला. खोक्यातून दात घासणाऱ्या प्राण्यांचे एक पुस्तक काढून आजींच्या हातात दिले. त्या संकोचल्या.

“मी चौथी शिकलेली. चष्माही जुना झालाय. मला कुठलं वाचता येतंय?”

“वाचू नका, आजी. चित्र दाखवा आणि तुमच्या मनानं सांगा.”

लहान मूल अनोळखी वस्तूला भिते. मग ती ब्रश असो, कारले असो वा डॉक्टरांची नळी. चित्रात तीच वस्तू रोज, सुरक्षित अंतरावरून, मायेच्या माणसाला बिलगून पाहिली की ती ओळखीची होते. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी दोनेक वर्षांच्या मुलांबाबत हे भाज्यांच्या पुस्तकांनी पडताळून पाहिले. पालकांनी दोन आठवडे रोज एखाद्या भाजीचे चित्रपुस्तक मुलाबरोबर पाहिले. पुढे ती भाजी ताटात आल्यावर मुले तिची चव घ्यायला अधिक राजी झाली. आपल्याकडे तर भाजी निवडायला आजी आणि नातवंडे शेजारी बसलेलीच असतात. पुस्तकातला दुधी मिटला की टोपलीतला दुधी मुलाच्या हातात द्यावा.

चूक होते ती पुढेच. “बघ, हत्ती कसा शहाणा! नाहीतर तू!” असे एकदा म्हटले की ते पुस्तक मुलाच्या लेखी संपले. त्यापेक्षा हत्तीचा कुठला दात घासायचा राहिला, ते मुलालाच शोधू द्यावे. तेच पुस्तक विसाव्यांदा मागितले तर कंटाळा येतो, मान्य आहे. पण मुलाला ती पुनरावृत्तीच हवी असते. उपदेश न करणारी पुस्तके मराठीत आहेत. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मध्ये घरातली माणसे आणि रोजचे जगणेच दिसते. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके स्वस्त असतात. मोबाइलवरची चित्रफीत हा मात्र पर्याय नव्हे. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एका तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे; आणि पडदा काही मुलाच्या प्रश्नासाठी थांबत नाही.

गुडघे दुखत असतील तर जमिनीवर बसण्याचा अट्टहास नको. खुर्चीत बसावे, उजेड पाठीमागून किंवा बाजूने येऊ द्यावा. ब्रशवर पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत मटारच्या दाण्याएवढी पुरे. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रशवर मोठ्यांचा हात असावा.

तीन आठवड्यांनी दोघे पुन्हा आले. आजी दारातूनच सांगू लागल्या, आपली कवळी त्या आजवर न्हाणीघराचे दार लावून घासत, आता नातवाने ते दारच उघडायला लावले आहे. सकाळी हा दात घासतो, शेजारी त्या वाडग्यात कवळी. बाटली अजून पूर्ण सुटलेली नाही, पण तीत आता पाणी असते.

मी विजेरी हातात घेतली. मुलगा म्हणाला, “आधी आजीचं बघा.” आजी लाजल्या, पण त्यांनी कवळी काढली. खालच्या हिरडीवर चांगला वाटाण्याएवढा व्रण होता. कवळी सैल होऊन घासत होती आणि दोन महिने दुखत असूनही त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. त्या दिवशी दंतवैद्यांना लिहिलेल्या चिठ्ठीवर दोघांची नावे घातली.