पंप चालू आहे, पण पाणी ओढत नाही

मे महिन्याची सुट्टी. लोणावळा, कर्जत किंवा अलिबागकडच्या एखाद्या बंगल्यावर दोन-तीन कुटुंबे मिळून उतरली आहेत. मुलांना कधी एकदा पाण्यात उडी मारतो असे झाले आहे. पाणी मात्र किंचित दुधाळ दिसते आणि भिंतीतल्या जेटमधून येणारी धार हाताला जेमतेम जाणवते. बंगला सांभाळणारे काका म्हणतात, "पंप चालू आहे साहेब, पण ओढत नाहीये. जरा जास्त पावडर टाकतो, होईल साफ." पावडर पडते, मुले उतरतात. दोन-चार दिवसांनी कुणाचा कान ठणकतो, कुणाच्या मांडीवर लाल पुरळ उठते, कुणाला जुलाब लागतात. दवाखान्यात बाहेरच्या खाण्याची चौकशी होते. पंपाची चौकशी कुणीच करत नाही.

ती करायला हवी. क्लोरीन हे औषध असले तरी ते पाण्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचवते ते पाण्याचे अभिसरण. पाणी काठावरच्या स्किमरमधून आणि तळाच्या जाळीतून ओढले जाते, पंपात जाते, फिल्टरमधून गाळले जाते आणि जेटमधून परत येते. घरगुती तलावातले सगळे पाणी साधारण आठ तासांत एकदा फिरावे, असा हिशेब असतो. म्हणजे ४० हजार लिटरच्या तलावात ताशी पाच हजार लिटर. ओढ मंदावली की कोपऱ्यांत आणि पायऱ्यांखाली पाणी साचून राहते, तिथला क्लोरीन संपतो आणि भिंतीवर बुळबुळीत थर धरतो. त्या थरात स्यूडोमोनास हा जिवाणू सुखाने राहतो. पोहल्यानंतरची कानदुखी आणि पुरळ बहुधा त्याच्यामुळेच होते.

बिघाड शोधायची सुरुवात फिल्टरवरच्या प्रेशर गेजपासून करावी. हा तलावाचा रक्तदाब. फिल्टर स्वच्छ असताना काटा किती दाखवतो, ते फिल्टरवरच लिहून ठेवावे. आता काटा त्याच्या खाली असेल, तर अडथळा पंपाच्या अलीकडे, म्हणजे ओढीच्या बाजूला आहे. काटा आठ-दहा पीएसआयने वर गेला असेल, तर फिल्टर तुंबला आहे. एवढे कळले की निम्मे निदान झाले.

दाब कमी असेल तर सोप्या कारणांपासून सुरुवात करावी. पहिले, पाण्याची पातळी. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने आणि मुलांच्या दंग्याने पाणी उतरते. ते स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत नसेल, तर पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. दुसरे, स्किमरची आणि पंपापुढची बास्केट. कडुनिंबाची पाने, मोहोर, केस यांनी ती भरते. पंप बंद करून ती काढावी आणि धुवावी. तिसरे, व्हॉल्व्ह. तळ साफ करताना फिरवलेला व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहून जाणे, ही नेहमीची चूक. चौथे, हवेची गळती. पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली सतत बुडबुडे दिसत असतील, तर झाकणाची रबरी ओ-रिंग तपासावी. ती चिरली असेल तर बदलावी. बुडबुडे तरीही राहिले, तर पाइपच्या जोडांवर साबणाचा फेस लावावा. जिथे फेस आत ओढला जातो, तिथे गळती. एवढे करूनही ओढ येत नसेल, तर पंपाच्या पंख्यात कचरा अडकलेला असू शकतो. ते काम मेन स्विच बंद करून जाणकार माणसानेच करावे. पंप कोरडा चालू ठेवू नये. तो तापतो आणि त्याचे सील जाते.

दाब जास्त असेल तर वाळूच्या फिल्टरला बॅकवॉश द्यावा. पंप बंद करूनच व्हॉल्व्हचा दांडा फिरवावा. काचेतून दिसणारे पाणी नितळ होईपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटे, उलटे पाणी सोडावे. मग अर्धा-एक मिनिट 'रिन्स'वर ठेवून पुन्हा 'फिल्टर'वर आणावे. रिन्स टाळले, तर सुटलेला मळ परत तलावात येतो. कार्ट्रिज असेल तर ते काढून पाइपच्या धारेने घड्यांमधून धुवावे. बॅकवॉशनंतरही पाणी गढूळच राहत असेल, तर वाळू जुनी झाली असेल किंवा तिच्यात पाण्याने परस्पर वाटा पाडल्या असतील. जेटखाली तळाशी वाळू दिसू लागली, तर फिल्टरच्या आतली नळी फुटल्याची शंका घ्यावी.

यातले काहीच न करता पावडर वाढवणे म्हणजे ताप का आला हे न पाहता गोळ्या वाढवत राहणे. डोळे चुरचुरतात आणि उग्र वास येतो तो भरपूर क्लोरीनचा, असा समज आहे. बहुतेक वेळा तो घाम आणि लघवीशी संयोग होऊन खर्ची पडलेल्या क्लोरीनचा असतो. वासावर न जाता चाचणी किटने पाहावे. मोकळा क्लोरीन किमान १ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ हवा. दोन वेगळ्या प्रकारच्या पावडरी, किंवा पावडर आणि ॲसिड, कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो.

क्लोरीनच्याही मर्यादा आहेत. जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यातही सात दिवसांहून अधिक टिकू शकतो आणि वाळूच्या फिल्टरमधून सहज निसटतो. म्हणून जुलाब चालू असलेल्या मुलाला तलावात उतरवू नये आणि पाणी तोंडात घेऊ नये, हे मुलांना शिकवावे. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. यातला नेग्लेरिया हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. हा आजार दुर्मीळ आहे, पण बहुधा जीवघेणा ठरतो. पुरेसे क्लोरीन असलेल्या, नीट फिरणाऱ्या पाण्यात तो टिकत नाही.

एक चूक मात्र कधीच करू नये. ओढ वाढावी म्हणून तळाची जाळी काढून ठेवणे किंवा तुटलेली जाळी तशीच चालवणे. मंद वाटणारा पंपही उघड्या तोंडावर केस, हात किंवा पोट पक्के धरून ठेवू शकतो. २००२ मध्ये अमेरिकेत सात वर्षांची एक मुलगी हॉट टबच्या तळाशी अशीच अडकली. आईने ओढूनही ती सुटली नाही आणि बुडून दगावली. पुढे २००७ मध्ये तिच्या नावाने तिथे व्हर्जिनिया ग्रॅम बेकर कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांना सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. कुणी अडकलेच, तर ओढत बसण्याआधी पंप बंद करावा. त्यासाठी त्याचा स्विच कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक हवे.

पाहुणे म्हणून गेलेल्यांनीही तीन गोष्टी पाहाव्यात. काठावर उभे राहून सर्वांत खोल भागातली तळाची जाळी स्पष्ट आणि धड दिसते का? जेटपुढे हात धरल्यावर धार जोरात लागते का? पंपाचा स्विच कुठे आहे? जाळी दिसत नसेल किंवा धार लागत नसेल, तर मुलांना त्या दिवशी पाण्यात उतरवू नये. त्यांचा रुसवा संध्याकाळपर्यंत निघतो.