गिरमिट यंत्राचा तुटलेला स्टार्टर-दोर : गावातच करावयाची दुरुस्ती

फळझाडांसाठी खड्डे पावसाळ्यापूर्वी खोदून ते उन्हात चांगले तापू द्यावेत, ही गोष्ट बागायतदारांना नव्याने सांगावयास नको. औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूरच्या परिसरात मात्र हे काम सोपे नाही. येथील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व दगडासारखी कठीण होते. पहार व कुदळ यांनी एक-एक खड्डा खोदण्यात मजुरांचा बराच वेळ जातो. म्हणून पेट्रोल इंजिनावर चालणारे खड्डे खोदण्याचे यंत्र आता अनेक ठिकाणी विकत किंवा भाड्याने आणले जाते. सुताराच्या गिरमिटाप्रमाणे याचे मळसूत्री पाते जमिनीत फिरत खाली उतरते व माती वर काढते. थंड देशांत याच धर्तीची यंत्रे गोठलेल्या तळ्यांवरील बर्फाला भोके पाडून मासे धरण्यासाठी वापरतात.

या यंत्राचा वरचेवर तुटणारा भाग म्हणजे इंजिन सुरू करण्याचा दोर. भाग अगदी लहान. परंतु तो तुटला की यंत्र बंद, मजूर रिकामे आणि भाडे मात्र चालू, अशी स्थिती होते. केवळ दोरासाठी यंत्र वसमत किंवा हिंगोलीस नेण्यात दिवस खर्ची पडतो. वास्तविक ही दुरुस्ती साधी हत्यारे वापरून अर्ध्या-पाऊण तासात गावातच करता येते. ती कशी करावी व दोर पुन्हा तुटू नये म्हणून काय पाहावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

दोन घातक उपाय

दोर तुटल्यावर घाईघाईने दोन उपाय केले जातात. ते दोन्ही टाळावेत.

पहिला उपाय म्हणजे तुटलेल्या तुकड्यांना गाठ मारणे. ही गाठ दोर बाहेर येण्याच्या भोकात किंवा पुलीच्या खाचेत अडकते. मूठ आत जात नाही आणि जोराने ओढल्यास पुली फुटते. त्यामुळे थोडक्या पैशांच्या दोरापायी संपूर्ण स्टार्टर बदलावा लागतो.

दुसरा उपाय अधिक धोक्याचा आहे. स्टार्टरचे झाकण काढून इंजिनाच्या चाकाला सुतळी गुंडाळतात व ती ओढून इंजिन सुरू करतात. इंजिन सुरू होताच चाक अतिशय वेगाने फिरू लागते. सुतळीचा वेढा सुटला नाही तर बोटे किंवा मनगट त्यात ओढले जाते. शेतातील कोणतेही काम इतके निकडीचे नसते की त्यासाठी हात गमवावा.

स्टार्टरची रचना

झाकणाच्या आत एक पुली असते व तिच्यावर दोर गुंडाळलेला असतो. पुलीखाली घड्याळातल्यासारखी चपटी, गुंडाळलेली स्प्रिंग असते. मूठ ओढली की पुली फिरते, खटके इंजिनाच्या चाकाशी अडकतात व इंजिन फिरते. मूठ परत सोडली की स्प्रिंग पुलीला उलट फिरवून दोर आत घेते. हे खटके यंत्राच्या बनावटीप्रमाणे पुलीवर किंवा इंजिनाच्या चाकावर असतात.

लागणारे साहित्य

स्क्रू ड्रायव्हर किंवा अ‍ॅलन पाना, पक्कड, एक खिळा, काडेपेटी, स्वच्छ फडके व स्टार्टरचा विणलेला नायलॉन दोर. या यंत्रांना सामान्यतः ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा व सुमारे १ मीटर लांबीचा दोर लागतो. तथापि अंदाजाने दोर घेऊ नये. जुन्या दोराचे सर्व तुकडे जवळ ठेवून लांबी मोजावी, त्यात दोन्ही गाठींपुरती वाढ धरावी आणि जाडी दुकानात ताडून पाहावी. जाड दोर पुलीत मावत नाही. बारीक दोर लवकर तुटतो. सुतळी, कापडी नाडा किंवा बाजेची प्लॅस्टिक दोरी या कामी उपयोगाची नाही.

दुरुस्तीची कृती

१. इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे. स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवावी. मळसूत्री पाते काढून ठेवल्यास काम सोयीचे होते.

२. स्टार्टरच्या झाकणाचे स्क्रू काढून झाकण फडक्यावर उताणे ठेवावे. स्क्रू एका वाटीत जपून ठेवावेत. झाकणाच्या फटींतील धूळ व काडीकचरा याच वेळी झाडून काढावा. इंजिन थंड ठेवणारी हवा याच फटींतून आत जाते.

३. दोर पूर्ण तुटलेला असल्यास स्प्रिंगचा ताण बहुधा आपोआप उतरलेला असतो. दोर नुसताच झिजला असल्यास पुली अंगठ्याने दाबून धरावी, दोर मोकळा करावा व पुलीला हळूहळू उलट फिरू देऊन ताण उतरवावा. पुली एकदम सोडू नये.

४. पुली हाताने थोडी फिरवून पाहावी. विरोध जाणवून ती परत येत असेल तर स्प्रिंग चांगली आहे. पुली कोणताही विरोध न होता गरगर फिरत असेल तर स्प्रिंग तुटली आहे किंवा तिचे टोक सुटले आहे, असे समजावे. अशा वेळी पुली उचलून आत पाहू नये. स्प्रिंग उसळून डोळ्यास इजा होऊ शकते. अशा वेळी स्टार्टरचा पूर्ण जोड बदलणेच इष्ट.

५. जुन्या दोराचा उरलेला तुकडा व गाठ पुलीतून काढावी. दोर बाहेर येण्याच्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवावे. कड धारदार झाली असल्यास ती पॉलिश कागदाने गुळगुळीत करावी किंवा तेथील कडी बदलावी.

६. नव्या दोराची दोन्ही टोके काडीने किंचित वितळवून घ्यावीत, म्हणजे धागे सुटत नाहीत. हे काम पेट्रोल व यंत्र यांपासून दूर करावे. वितळलेले टोक बोटाने दाबू नये.

७. दोर ओढताना पुली ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने ती हाताने फिरवावी. त्या दिशेने स्प्रिंग घट्ट होत जाते. ती पूर्ण घट्ट झाली की जोर न करता थांबावे व पुली सुमारे एक फेरा मागे घ्यावी. पुलीतील भोक झाकणाच्या भोकासमोर आले की पुली खिळ्याने अडकवावी किंवा दुसऱ्या माणसाने घट्ट धरून ठेवावी.

८. दोर बाहेरून झाकणाच्या भोकातून पुलीच्या भोकात घालावा. टोकाला घट्ट गाठ मारून ती पुलीच्या खोबणीत नीट बसवावी. दुसऱ्या टोकाला मूठ ओवून पक्की गाठ मारावी.

९. खिळा काढून पुली अंगठ्याच्या दाबाखाली हळूहळू सोडावी. स्प्रिंग दोर आत ओढून घेईल व मूठ झाकणाला टेकेल.

तपासणी

मूठ लोंबत राहिल्यास स्प्रिंगला ताण कमी पडला आहे किंवा दोर लांब झाला आहे, असे समजावे. मूठ नीट टेकत असल्यास दोर पूर्ण बाहेर काढावा व त्या स्थितीत पुली हाताने आणखी निदान अर्धा फेरा फिरते की नाही ते पाहावे. ती फिरत नसल्यास ताण जास्त आहे. एक फेरा कमी करावा, अन्यथा स्प्रिंग तुटेल. त्यानंतर झाकण जागेवर ठेवावे, मूठ किंचित ओढून खटके बरोबर बसल्याची खात्री करावी आणि मगच स्क्रू आवळावेत. प्लगची टोपी सर्वांत शेवटी बसवावी.

दोर पुन्हा तुटू नये म्हणून

नवा दोर काही दिवसांतच तुटला तर दोष बहुधा दोराचा नसतो. इंजिन दहा-पंधरा वेळा ओढल्याखेरीज सुरू होत नसेल तर प्रथम तेथे लक्ष द्यावे. शिळे पेट्रोल, काजळलेला प्लग किंवा धुळीने भरलेला हवेचा फिल्टर ही नेहमीची कारणे होत. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलाचे मिश्रण उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे असावे. २५ भागांस १ भाग सांगितले असल्यास १ लिटर पेट्रोलमध्ये ४० मिलिलिटर तेल घालावे. ४० भागांस १ भाग असल्यास २५ मिलिलिटर. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळू नये.

ओढण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. यंत्र जमिनीवर स्थिर ठेवावे व पात्याजवळ कोणी उभे राहू नये. मूठ प्रथम सावकाश ओढावी; अडथळा जाणवला की सरळ रेषेत एक जोरकस झटका द्यावा. तिरपे ओढल्यास दोर भोकाच्या कडेवर घासतो. दोर शेवटपर्यंत खेचू नये व मूठ हातातून सोडून देऊ नये. ती हातानेच परत न्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

ज्या गावांत अशी यंत्रे आहेत, तेथे हंगामापूर्वी एकदा या दुरुस्तीचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. पाहून केलेले काम वाचून केलेल्या कामापेक्षा लवकर साधते. भाड्याने यंत्र देणाऱ्यांनी यंत्राच्या पेटीत दीड मीटर दोर, एक जादा प्लग व लागणारे पाने कायम ठेवावेत. एवढी तयारी असली म्हणजे दोर तुटला तरी काम तासाभरापुरतेच थांबेल आणि मृगाच्या पावसापूर्वी खड्डे तयार राहतील.