दर आठवड्याला दोन पानं अवकाश

२५ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेचा साठाव्या वर्षानिमित्तचा विशेष भाग लागला. नाव ‘द स्टार बीस्ट’. लेखक रसेल टी. डेव्हिस, आणि मूळ कथेचं श्रेय पॅट मिल्स आणि डेव्ह गिबन्स यांना. ही कथा १९८० साली ‘डॉक्टर हू वीकली’ या साप्ताहिकात चित्रमालिका म्हणून आली होती. टीव्हीवरून कागदावर उतरलेल्या गोष्टी ब्रिटनमधल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या. त्यातली एक उलट्या वाटेने टीव्हीवर गेली, तीही चित्रकाराच्या नावानिशी, याला त्रेचाळीस वर्षं लागली. पाच आठवडे उलटायच्या आतच, २९ डिसेंबरला जॉन एम. बर्न्स गेले. ‘जज ड्रेड’चे चित्रकार, ‘मॉडेस्टी ब्लेझ’चे चित्रकार. माझ्यासाठी ते ‘स्पेस : १९९९’चे चित्रकार होते, आणि तेव्हापासून टीव्हीमालिकांवरच्या या चित्रकथांचा मागोवा घ्यायचं मनात घोळत आहे.

विज्ञानमालिकांवरच्या ब्रिटिश चित्रकथांना आजही ‘टीव्हीच्या जोडीला निघालेला माल’ म्हणतात. जेवणाचा डबा, रंगवायची वही, प्लॅस्टिकची बंदूक आणि कॉमिक, सगळं एका रांगेत. हे मला कधीच मान्य झालं नाही. टीव्हीला जे जमत नव्हतं, परवडत नव्हतं, आणि पुढे ज्याची आठवणसुद्धा टीव्हीने ठेवली नाही, ते या चित्रकारांनी केलं.

सुरुवातीची वर्षं झटकन ओलांडते. ‘टीव्ही कॉमिक’ १९५१ च्या नोव्हेंबरात निघालं, ते मफिन या खेचराच्या कठपुतळीला घेऊन. त्याच साप्ताहिकात १४ नोव्हेंबर १९६४ पासून ‘डॉक्टर हू’ आला, नेव्हिल मेन यांच्या चित्रांत. मालिकेतले सोबती गायब. त्यांच्या जागी जॉन आणि गिलियन नावाची दोन नातवंडं कुणीतरी बेतली. डॉक्टर सांताक्लॉजला भेटला. डॉक्टरचे शत्रू डॅलेक वापरायचा हक्क दुसऱ्याकडे, म्हणून ‘ट्रॉड’ नावाचे हुबेहूब तसेच शत्रू आले. लहान मुलांना काहीही चालतं अशा समजुतीने केलेलं काम दोन चौकटींत कळतं. मला ती पानं चाळवत नाहीत.

‘टीव्ही सेंच्युरी २१’, थोडक्यात ‘टीव्ही २१’, मात्र वेगळं. २३ जानेवारी १९६५ ला पहिला अंक आला, आणि त्यावर तारीख छापली होती २०६५ ची. पहिलं पान वर्तमानपत्रासारखं, शंभर वर्षांनंतरच्या बातम्यांचं. संपादक ॲलन फेनेल, मालिका जेरी अँडरसन यांच्या कठपुतळ्यांच्या, आणि छपाई लिव्हरपूलच्या एरिक बेमरोजची, फोटोग्रॅव्हर पद्धतीची. शाई कागदात अशी मुरायची की निळा रंग खरोखर खोल वाटायचा.

या रंगाचं महत्त्व आज चटकन लक्षात येत नाही. अँडरसन यांच्या ‘थंडरबर्ड्स’चं चित्रीकरण रंगीत फिल्मवर झालं होतं, पण ब्रिटनमध्ये आयटीव्ही आणि बीबीसी-१ रंगीत झाले ते १९६९ च्या नोव्हेंबरात. म्हणजे १९६५-६६ साली ती मालिका बघणाऱ्या ब्रिटिश मुलांना थंडरबर्ड-२ हे यान करड्या रंगाचं दिसायचं. ते हिरवं आहे हे घरच्या टीव्हीने सांगितलंच नाही. १९६६ च्या जानेवारीपासून फ्रँक बेलामी यांनी ते ‘टीव्ही २१’मध्ये रंगवलं, मधल्या जोडपानांवर, तिरक्या, फुटलेल्या, ज्वाळांच्या आकाराच्या चौकटींत. टीव्हीवर कठपुतळ्या होत्या, चालताना अडखळणाऱ्या. बेलामींच्या पानावर माणसं होती, घाम आलेली, धावणारी, भीती वाटणारी.

शेवटच्या पानावर ‘द डॅलेक्स’ होतं, १०४ आठवडे. रिचर्ड जेनिंग्ज आणि रॉन टर्नर यांनी त्यात डॅलेकांच्या स्कारो ग्रहावरची शहरं, ताफे, लढाया उभ्या केल्या. बीबीसीच्या स्टुडिओत मोजके डॅलेक ढकलत फिरवावे लागायचे. इथे हजारोंची फौज एका चौकटीत. त्या पानाबरोबर नाव जोडलं गेलं ते डॅलेकांचे जनक टेरी नेशन यांचं. संहिता लिहीत होते डेव्हिड व्हिटेकर, ‘डॉक्टर हू’चे पहिले संहिता-संपादक. १९८० साली ते गेले. हा हिशेब अभ्यासकांनी पुढे दुरुस्त केला, पण ज्या मुलांनी तो ग्रह मनात वागवला त्यांच्यापर्यंत तो माणूस त्याच्या हयातीत पोचला नाही.

तो काळ मी जगले नाही. आम्ही लंडनला आलो १९७२ साली. बाबा सरकारी इस्पितळात डॉक्टर, आई घरी, मी आठ वर्षांची आणि इंग्रजी जेमतेम. कोपऱ्यावरचं पेपरचं दुकान युगांडातून हाकलल्या गेलेल्या एका गुजराती कुटुंबाने घेतलं, आणि तिथे दर आठवड्याला माझ्यासाठी ‘लुक-इन’चा अंक बाजूला काढून ठेवलेला असायचा. पुण्याहून आजी पाठवायची ते ‘किशोर’ आणि इथलं ‘लुक-इन’, दोन्ही १९७१ साली सुरू झालेली, दोन्ही मी एकाच पलंगावर पालथी पडून वाचली. मराठी टिकलं पहिल्यामुळे. इंग्रजी आलं दुसऱ्यामुळे, शाळेमुळे नव्हे. फुग्यातलं वाक्य कळलं नाही तर चेहऱ्यावरून कळायचं.

‘लुक-इन’ हे आयटीव्हीचं मुलांचं साप्ताहिक, पहिला अंक ९ जानेवारी १९७१ चा, आणि पहिले संपादक पुन्हा ॲलन फेनेलच. जुन्या संग्राहकांत बसलं की ऐकावं लागतं, सुवर्णकाळ म्हणजे ‘टीव्ही २१’, ‘लुक-इन’ म्हणजे गायकांची पोस्टरं आणि कोडी. पन्नास वर्षं हे ऐकते आहे. माझं म्हणणं असं आहे की ‘लुक-इन’च्या चित्रकारांपुढचं काम जास्त कठीण होतं. कठपुतळीचा चेहरा ठरलेला असतो. ‘स्पेस : १९९९’मधल्या मार्टिन लँडाऊचा चेहरा ठरलेला नसतो. तो थकलेला, संतापलेला, खालून उजेड पडलेला, शिरस्त्राणाच्या काचेआडचा, प्रत्येक वेळी तोच ओळखू यायला हवा. आणि ज्या कोनातून त्याचा फोटो कधी कुणी काढलाच नाही त्या कोनातूनही. हे करायचं दर आठवड्याला दोन पानांत. त्या दोन पानांत मागचा धागा उचलायचा, गोष्ट पुढे न्यायची आणि शेवटच्या चौकटीत मुलाला सात दिवस टांगून ठेवायचं. त्यातल्या बहुतेक गोष्टी एकटे अँगस ॲलन लिहीत, एकाच आठवड्यात विनोदी, घोड्यांच्या आणि अवकाशातल्या. ते २००७ साली गेले. त्यांच्याएवढं वाचलं गेलेलं आणि त्यांच्याएवढं कमी ओळखलं गेलेलं लेखन मी दुसरं पाहिलेलं नाही.

‘स्पेस : १९९९’ ब्रिटनमध्ये सुरू झालं १९७५ च्या सप्टेंबरात. १३ सप्टेंबर १९९९ या दिवशी चंद्रावर साठवलेल्या अणुकचऱ्याचा स्फोट होतो, चंद्र कक्षेतून सुटतो आणि त्यावरची माणसं अंतराळात भरकटतात. देशभर ती एका वेळी दाखवली गेली नाही. आयटीव्ही म्हणजे तेव्हा प्रांतोप्रांतीच्या वेगवेगळ्या कंपन्या. लंडनला एका वेळी, मिडलँड्सला दुसऱ्या वेळी, आणि वेळ बदलली तर भाग हुकलाच. घरी व्हिडिओ नाही, पुन्हा बघायची सोय नाही. पण दर आठवड्याला बर्न्स यांची दोन पानं यायची, आणि तो आमच्या सगळ्यांचा एकच चंद्र होता. बर्न्स काळ्या सावल्या अशा टाकायचे की चंद्रावरच्या मूनबेस अल्फाच्या पांढऱ्या भिंतींत सेटवर कधी न दिसलेली थंडी शिरायची. नंतर ही चित्रमालिका माइक नोबल यांच्याकडे गेली. नोबल ‘टीव्ही २१’मधले, ‘फायरबॉल एक्सएल-५’ आणि ‘झीरो-एक्स’ काढलेले. त्यांचे स्फोट चौकटीत मावत नसत, कडा फोडून बाहेर येत. टीव्हीवर ईगल यान कोसळायचं ते एक छोटं मॉडेल असायचं. नोबल यांच्या पानावर ते यान कोसळताना त्याचा आवाज मला ऐकू यायचा.

पण जवळची मालिका ती नव्हे. जवळची होती ‘द टुमॉरो पीपल’. थेम्स टेलिव्हिजनवर १९७३ च्या एप्रिलपासून, कर्ते रॉजर प्राइस. मनाने बोलणारी, मनाच्या जोरावर एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणारी मुलं, माणसाच्या पुढच्या पायरीवरची. त्यांना मारता येत नाही, स्वतःचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा नाही. १९७४ साली त्यांच्यात एलिझाबेथ आली, काळी, शिक्षिका होऊ पाहणारी तरुणी. भूमिका एलिझाबेथ अडेअर यांची. त्या वर्षांत वंशद्वेषी नॅशनल फ्रंटचे मोर्चे लंडनच्या रस्त्यांवरून जात होते. शाळेतून घरी येताना कुठल्या फुटपाथने चालायचं हे आम्हाला ठरवून दिलेलं होतं. अशा वेळी टीव्हीवर एक काळी मुलगी तारणाऱ्यांत आहे, वाचवल्या जाणाऱ्यांत नाही, आणि ‘लुक-इन’मध्ये नोबल यांच्यासारखा माणूस तिला तेवढ्याच काळजीने काढतो आहे जेवढ्या काळजीने गोऱ्या नायकाला, याचा अर्थ मला कुणी समजावून द्यावा लागला नाही. वर्गातल्या बाईंनी तो अंक एकदा काढून घेतला, असला कचरा वाचून तुझी भाषा कशी सुधारणार म्हणाल्या. भाषा त्यानेच सुधारत होती. हे तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

त्याच दशकात इतरांचंही काम झालं. डेनिस हूपर यांचं ‘काउंटडाउन’ हे साप्ताहिक १९७१ च्या फेब्रुवारीत निघालं. पानांचे आकडे उलटे, शेवटाकडे उतरत जाणारे, आत जेरी हेलॉक यांचं ‘यूएफओ’ आणि हॅरी लिंडफील्ड यांनी काढलेला, प्रथमच माणसासारखा दिसणारा डॉक्टर. पुढच्या वर्षी नाव ‘टीव्ही ॲक्शन’ झालं आणि १९७३ च्या ऑगस्टमध्ये ते बंद पडलं. डॉक्टर परत ‘टीव्ही कॉमिक’मध्ये गेला, आणि तिथे १९७८-७९ साली जे झालं त्याचा राग अजून शमलेला नाही. जुन्या, आधीच्या डॉक्टरांच्या गोष्टी पुन्हा छापल्या आणि त्यांच्या धडांवर तेव्हाचा डॉक्टर टॉम बेकर याचं डोकं काढून बसवलं. पैसे मुलांचे, म्हणून चाललं. मुलांना कळत होतं. आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

‘लुक-इन’मध्ये मात्र मार्टिन ॲसबरी ‘सिक्स मिलियन डॉलर मॅन’ काढत होते, जॉन बोल्टन ‘बायॉनिक वूमन’. आर्थर रॅन्सन यांनी ‘सफायर अँड स्टील’ काढलं, आणि ते तर मुलांच्या अंकात कसं बसलं याचं आजही नवल वाटतं. काळाच्या फटींतून शिरणारी भीती, रिकामी घरं, जुने फोटो. रॅन्सन यांनी प्रत्येक पृष्ठभागावर बारीक रेषा भरून ती भीती स्थिर ठेवली. आणि वर मुखपृष्ठं अर्नाल्डो पुत्सू या इटालियन चित्रकाराची, सिनेमाची पोस्टरं रंगवून आलेल्या हाताची. दर आठवड्याला कुणी मुलांसाठी असं चित्र रंगवतं, हे आज कुणाला पटवायचं?

पुढचं लवकर संपवते. ऑक्टोबर १९७९ मध्ये मार्व्हलच्या ब्रिटिश शाखेने डेझ स्किन यांच्या संपादनाखाली ‘डॉक्टर हू वीकली’ काढलं, किंमत १२ पेन्स. मिल्स, जॉन वॅगनर आणि गिबन्स यांची ‘द आयर्न लीजन’ पहिल्याच अंकापासून. मागच्या पानांवर ॲलन मूर आणि डेव्हिड लॉइड यांनी छोट्या गोष्टी केल्या. पुढे त्याच जोडीने ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ केलं. गिबन्स मूर यांच्याबरोबर ‘वॉचमेन’कडे गेले. म्हणजे ज्यांना आज कॉमिक्सला साहित्याचा दर्जा देणारे म्हणतात, त्यांचा हात टीव्हीच्या या ‘मालावर’ बसला होता. त्यांची गोष्ट सांगताना हा भाग मात्र ओझरता येतो. इयन केनेडी यांनी ‘ब्लेक्स सेव्हन’ काढलं, चांगलं काढलं. मग घरोघरी व्हिडिओ आला आणि आठवण ठेवण्याचं काम यंत्राकडे गेलं. ‘लुक-इन’मध्ये गायक वाढले, चौकटी आटल्या. १२ मार्च १९९४ ला ते बंद झालं.

आणि यंत्राने तरी काय ठेवलं? घरोघरी व्हिडिओ येण्याआधी बीबीसीने टेपा पुसून पुन्हा वापरल्या. ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले नव्वदहून जास्त भाग आज उपलब्ध नाहीत. कागद टिकला, कारण तो मुलांनी जपला. मूळ चित्रं मात्र चित्रकारांकडे परत गेली नाहीत. तेव्हाचा रिवाजच तसा: पान विकलं की चित्रही प्रकाशकाचं. किती फेकली गेली, किती लिलावात हजारो पौंडांना फिरली, त्यातला पैसा चित्र काढणाऱ्या हाताला पोचला नाही.

आज सुपरमार्केटमधल्या मुलांच्या कपाटासमोर उभं राहिलं की प्रत्येक मासिक प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर चिकटवलेलं खेळणं. आतलं पान उलटून बघता येत नाही. चित्रमालिका असलीच तर तीन-चार पानं, मागे पुढे काही नसलेली. ‘डॉक्टर हू मॅगझिन’ने चित्रमालिका चालू ठेवली, त्याबद्दल त्या संपादकांचे मी आभार मानते. पण आठ वर्षांच्या मुलीला दर आठवड्याला, खिशातल्या नाण्यांत, उत्तम चित्रकाराचं काम मिळावं, ही व्यवस्था संपली आहे, आणि ती काही आपोआप संपलेली नाही. खेळण्यात नफा जास्त दिसला म्हणून संपवली गेली.

‘थंडरबर्ड्स’ची पानं पुस्तकरूपात आली, डॅलेकांचीही आली. ‘लुक-इन’मधलं फार थोडं आलं. हक्क मालिकेच्या मालकाकडे, अंकाच्या मालकाकडे, नटांच्या चेहऱ्यांकडे असे वाटले गेले की कुणालाही एकट्याला हलता येत नाही, हे मला समजतं. तरीही ‘द टुमॉरो पीपल’ आणि ‘स्पेस : १९९९’ची सगळी पानं, चांगल्या कागदावर, त्याच आकारात, मुखपृष्ठावर माइक नोबल, जॉन एम. बर्न्स आणि अँगस ॲलन ही नावं मालिकेच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापून निघायला हवीत. ज्यांच्याकडे ते हक्क आहेत त्यांनी एका टेबलाशी बसावं. नोबल २०१८ साली गेले, आता बर्न्सही नाहीत. पण रॅन्सन आणि बोल्टन यांच्या पानांवरही हाच न्याय लागू आहे, आणि त्यासाठी आणखी कुणाच्या मृत्यूची वाट बघू नये.