आर्नोकाठचे कोल्हापूरकर

गेल्या मे महिन्यात आमचं सारं कुटुंब फ्लॉरेन्सला जमलं. मुलगा जर्मनीतून, मुलगी लंडनहून आणि आम्ही दोघं शाहूवाडीहून. उफ्फिझीतली चित्रं पाहिली, मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहिला. चौथ्या दिवशी मात्र मी हट्टच धरला, कास्चिने बागेच्या टोकाला जायचं!

तिथं आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर एक छत्री आहे. छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी याच शहरात त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. दहन इथं संगमावरच झालं. १८७४ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. जवळच्या पुलाचं नावही त्यांच्यावरूनच, 'भारतीयाचा पूल'.

नातवानं विचारलं, "आजोबा, मग हे घरी कधी गेले?"

"नाहीच गेले रे."

सगळेच गप्प झाले. बँकेतली माझी नोकरी बदलीची. घर सोडायला मुलांना मीच शिकवलं. तक्रार कुणाकडे करायची?

रात्री जेवताना मुलगा हळूच म्हणाला, "आबा, यंदा गणपतीला येतो. तेवढा घराला रंग काढून ठेवा."