स्वादुपिंड, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि आत्याचा डबा

परवा आत्याकडे गेलो होतो. तिला बरीच वर्षं मधुमेह आहे. औषधांच्या डब्यात मेटफॉर्मिनचं पाकीट जवळजवळ भरलेलं, आणि व्हिटॅमिन सी-ईच्या गोळ्या मात्र संपत आलेल्या! विचारलं तर म्हणते, "अरे, याने स्वादुपिंड वाचतं म्हणे. मोबाइलवर आलं होतं." 'खोटं आहे' म्हणून सोडून देता येईना, कारण ते पूर्ण खोटं नाहीये. म्हणून आजचा भाग.

इन्सुलिन तयार करतात स्वादुपिंडातल्या बीटा पेशी. रक्तात साखर सतत जास्त राहिली की या पेशींवर कामाचा भार पडतो आणि आत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात. चुलीचा धूर समजा. यकृतातल्या पेशींकडे हा धूर निवळवणारी कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज अशी एन्झाइम्स भरपूर असतात. बीटा पेशींकडे ती फारच कमी. चूल मोठी, धुराडं लहान. मग अँटिऑक्सिडंट दिले तर धूर कमी होईल का?

1999 साली जपानी संशोधकांनी हे मधुमेही उंदरांवर करून पाहिलं. अँटिऑक्सिडंट दिलेल्या उंदरांत बीटा पेशी जास्त टिकल्या, इन्सुलिनही चांगलं राहिलं. पण थांबा! खरं काम केलं ते एन-अ‍ॅसिटिल सिस्टीननं. नुसत्या सी आणि ईचा उपयोग झाला नाही. त्याच्या जोडीला दिल्यावर थोडी भर पडली, इतकंच.

आणि माणसांत? अमेरिकेत मधुमेह नसलेल्या 38,716 स्त्रियांपैकी काहींना व्हिटॅमिन ई, तर काहींना नकली गोळी, अशी सुमारे दहा वर्षं दिली. मधुमेह होण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. 2009 मध्ये सी, ई आणि बीटा कॅरोटिनच्या चाचणीचा निकाल आला, तोही तसाच.

असं का? एक कारण असं की हे रेणू नुसता कचरा नाहीत, ते शरीराला निरोपही देतात. 2009 च्याच एका प्रयोगात तरुणांनी चार आठवडे व्यायाम केला. ज्यांनी सोबत सी-ई घेतलं, त्यांच्यात व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलाच नाही. म्हणजे धुराबरोबर निरोपही पुसला गेला!

आणखी एक. व्हिटॅमिन सीचे मोठे डोस घेतले तर काही ग्लुकोमीटर साखर चुकीची दाखवतात. त्यावर विसंबून इन्सुलिन कमी-जास्त केलं तर जिवावर बेतू शकतं.

मग आवळा, पेरू, पालेभाज्या सोडायच्या का? अजिबात नाही. जेवणात असू द्या. पण गोळी म्हणजे औषधाची बदली नव्हे.

आत्याला हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे मी उगाच तीन महिने घालवले." आम्ही तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. तुमच्या घरातला डबाही आज एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!