‘विक्रोळी’ हा पासवर्ड चालतो का?

नवा पासवर्ड म्हणून कुणी देवनागरीत ‘विक्रोळी’ टाइप केलं, तर जँगो तो बिनतक्रार स्वीकारतं. जँगो हे वेबसाइट बांधण्याचं फ्रेमवर्क. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वर्तमानपत्राच्या कचेरीत ते आकाराला आलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. पासवर्ड बदलण्याचा फॉर्म त्यात तयारच मिळतो. फॉर्म चांगला आहे, पण मराठी माणसापुढे ठेवण्याआधी त्यात भर घालायला हवी.

फॉर्मला तीन रकाने असतात: जुना पासवर्ड, नवा, आणि नवा पुन्हा एकदा. पहिला रकाना अनेकांना जाच वाटतो. लॉगिन तर केलेलंच आहे, मग जुना पासवर्ड पुन्हा कशाला? कारण लॉगिन केलेला माणूस आणि आता कीबोर्डपुढे बसलेला माणूस एकच असेल असं नाही. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात झेरॉक्सच्या दुकानात कुणी सरकारी अर्ज भरला आणि लॉगआउट न करता उठला, तर पुढच्या गिऱ्हाइकाला त्याचं खातं उघडंच मिळतं. जुना पासवर्ड विचारला नाही, तर ते खातं कायमचं हातचं जातं. म्हणून बाकी काही वगळलं तरी ही तपासणी वगळू नये. पासवर्ड बदलला की जँगो इतर ठिकाणची लॉगिनंही बंद करतं, हे फार मोलाचं आहे.

त्यानंतर नव्या पासवर्डच्या चार तपासण्या होतात. तो निदान आठ चिन्हांचा हवा, नुसते आकडे नकोत, नावाशी किंवा ईमेलशी फार जुळणारा नको, आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या सुमारे वीस हजार पासवर्डांच्या यादीतला नको. एक कॅपिटल, एक चिन्ह, दर तीन महिन्यांनी नवा पासवर्ड असली सक्ती इथे नाही, हे योग्यच आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ मध्ये असे नियम लादू नका असं सांगितलं. २००३ मध्ये ते लिहिणाऱ्या बिल बर यांनीही त्याच वर्षी खेद व्यक्त केला. सक्ती केली की लोक शेवटी १ च्या जागी २ करतात, आणि चोराला ते ठाऊक असतं.

आता ‘विक्रोळी’कडे पाहू. आपण वि, क्रो, ळी अशी तीन अक्षरं वाचतो. संगणक मात्र व, इकार, क, हलन्त, र, ओकार, ळ, ईकार अशी आठ चिन्हं मोजतो, म्हणजे लांबीची अट पूर्ण. आकडे नाहीत. सर्रास पासवर्डांची यादी मुख्यतः रोमन लिपीतली. नावाशी तुलनाही लिपी ओलांडून होत नाही; खात्यावर नाव रोमन लिपीत असेल, तर तेच नाव देवनागरीत पासवर्ड म्हणून चालून जातं. विक्रोळीत राहणाऱ्याचा असा पासवर्ड शेजारीसुद्धा ओळखेल. मराठी वापरकर्त्यांसाठी साइट बांधणाऱ्याने गावं, देवदेवता, आडनावं यांची दोन्ही लिप्यांतली यादी स्वतः जोडावी. जँगोत अशी तपासणी जोडण्याची सोय आहे.

लांब पासवर्डची अडचण वेगळीच. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, म्हणून ‘विक्रोळी’ चोवीस बाइटची. पासवर्डचा हॅश, म्हणजे साठवण्यासाठी उलटवता न येणारं रूप, करणारी बीक्रिप्ट ही पद्धत बहात्तर बाइटपर्यंतच पाहते. रोमन लिपीत बहात्तर अक्षरं मावतात, आपली चोवीस चिन्हं. काही प्रणाली पुढचा भाग न सांगता सोडून देतात, आणि मग चार-पाच मराठी शब्दांच्या पासवर्डचं शेपूट चुकलं तरी दार उघडतं. जँगोची मूळ पद्धत बीक्रिप्ट नाही, त्यामुळे तिथे हा धोका नाही. पण बीक्रिप्ट वापरत असाल तर मर्यादा बाइटमध्ये तपासा आणि ओलांडली की तसं स्पष्ट सांगा.

सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे ‘दऱ्या’मधला ऱ. तो एका चिन्हात लिहिता येतो किंवा र आणि खाली नुक्ता असाही. दिसतात अगदी सारखे, हॅश मात्र वेगळे. फोनवर ठेवलेला पासवर्ड कचेरीतल्या संगणकावर चुकीचा ठरतो, आणि ठिपक्यांआड काय झालं ते कळतही नाही. हॅश करण्याआधी दोन्ही रूपं युनिकोडच्या एनएफसी नियमाने एकाच रूपात आणली की हा प्रश्न सुटतो. मात्र हे पासवर्ड ठेवताना आणि लॉगिन करताना, दोन्ही वेळा करावं लागतं. जोडीला टाइप केलेलं पाहण्यासाठी डोळ्याचं बटण द्यावं. आणि चाचणी करताना ‘दऱ्या’ दोन वेगळ्या कीबोर्डांवरून टाइप करून पाहावा.